प्रथिने, नॅनोकण आणि थरांची पटले : एक आढावा

प्रथिने आणि नॅनोकण यांच्या थरांपासून पातळ पटले कशी तयार होतात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिरीचा वाटतो. एक थर द्यावा, तो धुवावा, त्यावर दुसरा द्यावा आणि हवी तेवढी जाडी येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा, एवढीच ती कृती आहे. परंतु या साध्या कृतीने भौतिक रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान या तिन्ही शाखांना गेली काही दशके कामाला लावले आहे, आणि या कामातून जे हाती आले ते पाहता 'थर' हा शब्द मुख्यतः कृतीचे वर्णन करतो, तयार झालेल्या रचनेला तो पुरता लागू पडत नाही, असे म्हणावे लागते. पटल म्हणजे येथे काचेसारख्या एखाद्या पृष्ठभागावर बसवलेला, काही नॅनोमीटरपासून काही शे नॅनोमीटरपर्यंत जाडीचा पापुद्रा, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम या प्रथिनाचा रेणू सुमारे ३ ते ४.५ नॅनोमीटरचा असतो, तर लोह साठवणाऱ्या फेरिटिनचा गोळा १२ नॅनोमीटरचा. नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटरच्या टप्प्यात मोडतात. आकाराने ही दोन्ही तोलामोलाची असल्यामुळेच त्यांना एकाच पटलात गुंफण्याची कल्पना व्यवहारात उतरू शकली.

या कल्पनेचा पूर्वेतिहास पाण्यावरच्या तेलापासून सुरू होतो. जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नव्हते. घरच्या घरी एका उथळ पन्हळीत पाणी भरून त्यावर पसरलेल्या तेलकट थराचा पृष्ठताण त्यांनी मोजला, आणि लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने त्यांचे पत्र १८९१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. अर्व्हिंग लँगमुइर यांनी १९१७ मध्ये हा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो याची मांडणी केली आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३५ मध्ये असे एकरेण्वीय थर काचेवर एकापाठोपाठ एक उचलून बहुस्तरीय पटले तयार केली. ही पद्धत देखणी होती, परंतु तिला पाण्यावर नीट उभे राहणारे, एका टोकाला पाण्याची ओढ आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचा तिटकारा असलेले रेणू लागत, पृष्ठभागही सपाट लागे, आणि बहुतेक प्रथिने या दोन्ही अटींत बसत नसत.

दुसरा धागा याहून जुना आहे आणि त्याची आठवण आढावा घेणारे क्वचितच ठेवतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या माणकासारख्या लाल द्रवाचे वर्णन केले. अशा द्रवाला कलिल म्हणतात, म्हणजे ज्यात कण विरघळलेले नसून तरंगत राहिलेले असतात असे मिश्रण. या कलिलात मीठ टाकले की कण एकत्र येऊन रंग निळा पडतो, मात्र आधी थोडे जिलेटिन घातलेले असेल तर तो लालच राहतो. रिखार्ड झिग्मोंडी यांनी १९०१ मध्ये यावरूनच 'सुवर्णांक' ठरवला, म्हणजे ठरावीक सुवर्णकलिलाचा रंगबदल रोखण्यासाठी संरक्षक पदार्थाचे किती मिलिग्रॅम लागतात तो आकडा. जिलेटिन हे प्रथिन आहे. प्रथिन नॅनोकणाला बिलगते, त्याला झाकते आणि त्याचे वर्तन बदलते, ही गोष्ट 'नॅनो' हा शब्द रूढ होण्याच्या पुष्कळ आधी मोजली गेली होती, एवढे श्रेय त्या जुन्या पिढीला दिलेच पाहिजे.

दोन्ही धागे एकत्र येण्याची पहिली संधी १९६६ मध्ये आली. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीतील आर. के. आयलर यांनी ऋणभारित सिलिकाचे आणि धनभारित ॲल्युमिनाचे कण आलटूनपालटून काचेवर बसवून दाखवले, आणि त्यासाठी काच एका द्रवातून काढून, धुऊन, दुसऱ्या द्रवात बुडवण्यापलीकडे काही लागत नव्हते. या लेखाकडे जवळजवळ पाव शतक फारसे कोणी वळले नाही. १९९१ च्या सुमारास जर्मनीतील माइंझ येथे गेरो डेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतभारित पॉलिमर घेऊन हीच पद्धत पद्धतशीरपणे उभी केली, १९९५ मध्ये निकोलस कोटोव्ह, इम्रे देकानी आणि यानोश फेंडलर यांनी अर्धवाहक नॅनोकण तिच्यात आणले, आणि त्याच वर्षी युरी ल्वोव, कात्सुहिको अरिगा, इझुमी इचिनोसे आणि तोयोकी कुनिताके यांनी जपानमध्ये अनेक प्रकारच्या प्रथिनांची बहुस्तरीय पटले रचून दाखवली. आज या क्षेत्रात जे काही केले जाते त्याचा पाया या चार-पाच वर्षांतच घातला गेला.

कृती जवळून पाहिली तर तिच्यातला मुख्य मुद्दा लगेच ध्यानात येतो. स्वच्छ केलेल्या काचेच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋण भार असतो. ती पॉलिएथिलीनइमाइन या धनभारित पॉलिमरच्या द्रावणात दहा-वीस मिनिटे बुडवली की पॉलिमरच्या साखळ्या तिच्यावर बसतात, या बसण्याला अधिशोषण म्हणतात, आणि काच बाहेर काढून शुद्ध पाण्याने धुतल्यावर सैल राहिलेला भाग निघून जातो. आता काचेचा भार शून्य झालेला नसून उलटा, म्हणजे धन झालेला असतो, कारण साखळीवरचे सगळे भार काचेशी जुळत नाहीत, काही वर मोकळे राहतात. हे उलटणे दोन कामे करते: त्याच पॉलिमरच्या पुढच्या साखळ्यांना ते दूर लोटते, म्हणून थर आपोआप थांबतो, आणि विरुद्ध भाराच्या पुढच्या घटकाला ते ओढून घेते. यानंतर सायट्रेटने वेढलेल्या, म्हणून ऋणभारित असलेल्या सोन्याच्या कणांच्या लाल द्रवात काच बुडवली की ती फिकट गुलाबी होऊन वर येते, पुन्हा पॉलिमर, पुन्हा सोने, असे करत गेल्यास प्रत्येक फेरीगणिक रंग गडद होत जातो, आणि कण एकमेकांच्या फार जवळ आले तर लालीत जांभळी-निळी झाक मिसळू लागते. झिग्मोंडी यांच्या नळीत मिठाने जे घडत होते, तेच येथे काचेवर, पण आवरत-सावरत घडते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रथिनांसाठी क्वार्ट्झच्या स्फटिकाचा तराजू वापरतात. ठरावीक वारंवारतेने कंप पावणाऱ्या या चकतीवर वस्तुमान साचले की कंपने मंदावतात, आणि ग्युंटर सॉअरब्रे यांनी १९५९ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार ५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारता १ हर्ट्झने उतरली तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १७.७ नॅनोग्रॅम भर पडली असे समजतात. या आकड्यात एक गफलत दडलेली आहे, ती अशी की चकती द्रवातच असेल तर प्रथिनाबरोबर अडकलेले पाणीही वजनात धरले जाते. कोरड्या पटलाचे आणि ओल्या पटलाचे आकडे शेजारी ठेवून जे तुलना करतात, त्यांच्या निष्कर्षांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते.

पॉलिमरसाठी चाललेली ही रीत प्रथिनाला लावताना पहिली अडचण प्रथिनाच्या भाराची येते. प्रथिन अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी असते आणि त्यांपैकी काही आम्ले धन तर काही ऋण भार धारण करतात, शिवाय हे भार पाण्याच्या सामूवर, म्हणजे त्याच्या आम्लतेच्या मोजमापावर, अवलंबून असतात. ज्या सामूला दोन्ही भारांची फिटंफाट होते त्याला समविद्युत बिंदू म्हणतात. लायसोझाइमचा हा बिंदू ११ च्या आसपास, तर गायीच्या रक्तातील अल्ब्युमिनचा ४.७ आणि ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा सुमारे ४.२ आहे. साहजिकच सामू ७ असलेल्या पाण्यात पहिले धनभारित आणि दुसरी दोन ऋणभारित असतात, आणि कोणाबरोबर कोणता पॉलिमर किंवा कोणता नॅनोकण लावायचा हे त्यावरून ठरवता येते. पाठ्यपुस्तकातील विवेचन बहुधा इथेच थांबते. प्रत्यक्षात मात्र ऋणभारित अल्ब्युमिन ऋणभारित सुवर्णकणांवरही चांगले बसते, आणि हे केवळ एकूण भाराच्या हिशेबाने समजावता येत नाही. प्रथिनाच्या पृष्ठभागावर भार सारखे पसरलेले नसतात, त्यांचे पट्टे असतात, आणि एकूण भार ऋण असूनही लायसिनसारख्या धन अमिनो आम्लांचा एखादा पट्टा कणाकडे तोंड करून उभा राहू शकतो. त्यात पाण्यापासून दूर राहू पाहणारे भाग आणि गंधकाचे सोन्याशी जुळणारे बंध यांची भर पडते.

याच कारणाने दोन प्रथिने थेट आलटूनपालटून बसवण्याचे प्रयत्न बहुधा फसतात. घडी घातलेले प्रथिन हा जवळजवळ कठीण गोळा असतो. असे दोन गोळे एकमेकांना मोजक्याच ठिकाणी टेकतात, आणि नंतरच्या द्रावणात गेल्यावर आधीचा थर उखडून त्या द्रावणातील प्रथिनाबरोबर निघून जाण्याचा संभव असतो. ल्वोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक दोन प्रथिनथरांमध्ये लवचीक पॉलिमरचा थर घातला, तो गोळ्यांमधल्या फटींत उतरला, आणि विटांमधल्या चुन्याने करावे तसे काम त्याने केले. नॅनोकणांनाही हाच न्याय लागू पडतो. अपवाद आहेत आणि ते उद्बोधक आहेत: अंड्यातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला चार ठिकाणी धरते, आणि ही पकड इतकी घट्ट असते की बायोटिन जोडलेली प्रथिने किंवा कण तिच्या आधारे एकमेकांवर रचता येतात. तेथे भाराच्या गोंदाची गरज उरत नाही, कारण किल्ली आणि कुलूप निसर्गानेच घडवलेले असते.

विरुद्ध भार एकमेकांना ओढतात म्हणून थर बसतो, हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी अपुरे आहे. द्रावणातील प्रत्येक भारित साखळीभोवती किंवा कणाभोवती विरुद्ध भाराच्या लहान आयनांचा घोळका असतो; साखळी पृष्ठभागाला चिकटली की हे आयन मोकळे होऊन पाण्यात विखुरतात, आणि या विखुरण्याने एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, वाढते. जोसेफ श्लेनॉफ आणि इतरांच्या कामामुळे हे स्पष्ट होत गेले की थर बसण्यामागची मोठी ओढ या मुक्त झालेल्या आयनांची आहे. वरून पाहता व्यवस्था वाढताना दिसते, त्याच वेळी आसपासच्या पाण्यात त्याहून अधिक अव्यवस्था निर्माण होत असते. मिठाचे महत्त्वही यातूनच कळते. मीठ विद्युतभाराची पोच कमी करते: १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात ही पोच सुमारे १० नॅनोमीटर असते, तर रक्ताइतक्या, म्हणजे सुमारे ०.१५ मोलर खारटपणात ती ०.८ नॅनोमीटरवर येते, जी लायसोझाइमच्या रेणूच्या रुंदीपेक्षाही कमी आहे. थोड्या मिठाने पॉलिमरच्या साखळ्या आखडून जाड थर देतात आणि फार मिठाने पटल सुटू लागते. प्रथिनांच्या आणि कणांच्या बाबतीत मधली जागा अरुंद असते, आणि ती प्रत्येक जोडीसाठी निराळी शोधावी लागते.

एक थर पूर्ण झाला म्हणजे पृष्ठभाग झाकला गेला, असेही समजता येत नाही. वाळत घालायचे पापड डोळे मिटून कापडावर टाकावेत, एकदा पडलेला हलवू नये आणि दुसऱ्यावर चढलेला उचलून घ्यावा, अशी अट घातली तर काही वेळाने नव्या पापडाला जागा उरत नाही, तरी कापडाचा बराच भाग उघडाच दिसतो. गणिताने ही मर्यादा सारख्या आकाराच्या चकत्यांसाठी ५४.७ टक्के येते. जे कण पृष्ठभागावर पडल्या जागी चिकटून बसतात त्यांची गत साधारण अशीच असते, त्यातही त्यांच्या परस्परांतील अपकर्षणामुळे मोकळी जागा आणखी वाढते. पुढचा थर या मोकळ्या जागांत उतरतो, आणि म्हणून दुसरा संपला की तिसरा सुरू झाला अशी स्वच्छ सीमारेषा आतमध्ये सापडत नाही. पॉलिमरच्या पटलांत तर काही थरांमध्ये हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम घालून न्यूट्रॉनांच्या परावर्तनाने पाहिले असता शेजारचे थर एकमेकांत चांगलेच शिरलेले आढळले. डेखर यांनी १९९७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील आपल्या गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातच या रचनांना धूसर म्हटले, ते याच अर्थाने. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे कॅथरिन पिकार आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याहून पुढची गोष्ट दाखवली: पॉलिलायसिन आणि हायलुरॉनिक आम्ल यांच्या पटलात पॉलिलायसिनच्या साखळ्या पटलाच्या आरपार हिंडतात, दर फेरीला आत साठतात आणि पुढच्या फेरीला बाहेर येऊन नवा माल बांधतात, त्यामुळे जाडी सरळ रेषेत न वाढता दामदुपटीसारखी वाढत जाते. अशा पटलात थर मोजणे म्हणजे बुडवण्याच्या फेऱ्या मोजणे होय.

प्रथिनांच्या पटलांचे खरे मोल मात्र जाडीने किंवा नीटसपणाने ठरत नाही. पृष्ठभागावर बसल्यानंतर प्रथिन पूर्वीसारखे राहिले का, हा येथे निर्णायक प्रश्न आहे, आणि या विषयावरील पुष्कळ लिखाण त्याला शेवटच्या परिच्छेदात जागा देते ही खेदाची बाब आहे. अमेरिकेतील ट्रॉय येथे ॲलेक्सी व्हर्टेगेल, रिचर्ड सीगल आणि जोनाथन डॉर्डिक यांनी २००४ मध्ये लायसोझाइम ४, २० आणि १०० नॅनोमीटर व्यासाच्या सिलिकाकणांवर बसवून पाहिले. कण जितका मोठा तितकी प्रथिनाची सर्पिल घडी अधिक उलगडली आणि त्याची क्रियाशीलता अधिक घटली. कारण भूमितीचे आहे: लहान कणाची पाठ इतकी वाकडी असते की प्रथिन तिला थोडेसेच टेकते, तर मोठा कण प्रथिनाच्या नजरेने जवळजवळ सपाट जमीन असते आणि तिच्यावर अंग पसरायला वाव मिळतो. यावरून नॅनोकण हे पटलातील निव्वळ भरताड नसल्याचे सिद्ध झाले. योग्य आकाराचा कण प्रथिनाला सपाट काचेपेक्षा सुखाने बसवून घेतो.

प्रथिन जिवंत राहिले तर पटलाकडून कामे करून घेता येतात. जपानमधील त्याच गटाने १९९६ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही दोन विकरे एका पटलात वेगवेगळ्या थरांत बसवली. पहिले ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करी आणि दुसरे ते वापरून रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करी. थर एकमेकांत मिसळलेले असतानाही क्रम पुरेसा टिकून राहतो, हे या प्रयोगाने दिसून आले. जेरुसलेममधील इतामार विल्नर यांच्या गटाने २००३ मध्ये १.४ नॅनोमीटरचा एकच सुवर्णकण ग्लुकोज ऑक्सिडेजच्या आत, त्याच्या इलेक्ट्रॉन हाताळणाऱ्या घटकाशी जोडून, तारेसारखा वापरला. ऑक्सिजनबरोबर हे विकर सेकंदाला सुमारे ७०० फेऱ्या करते, तर कणामार्फत विद्युतअग्राशी जोडल्यावर इलेक्ट्रॉन देण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० पर्यंत गेला. या विकराचे मर्मस्थान प्रथिनाच्या खोल पोटात असते, तेथपर्यंत तार नेण्याचे काम कणाच्या नेमक्या आकारामुळे साधले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात धरलेली वाट यापेक्षा निराळी होती आणि तिची नोंद व्हायला हवी. त्यांनी मेदाम्लांचे किंवा मेदअमाइनांचे पटल निर्वातात तापवून आधीच बसवले आणि मग ते कलिलाच्या किंवा प्रथिनाच्या द्रावणात बुडवून ठेवले. सामू असा निवडला की पटल आणि द्रावणातील घटक यांचे भार विरुद्ध राहतील. बाहेरचे कण आणि प्रथिने विद्युतभाराच्या ओढीने पटलाच्या आत शिरली आणि मेदरेणूंच्या दुहेरी पडद्यांमध्ये जाऊन बसली. येथे थरावर थर चढवलेले नाहीत, आधी उभ्या केलेल्या इमारतीत बिऱ्हाड आणले आहे. २००१ मध्ये याच गटाने पेप्सिन हे पाचक विकर सुवर्णकणांवर बसवून ते क्रियाशील राहते हेही दाखवले.

बळकट पटलांचा शोध वेगळ्या प्रेरणेने झाला, आणि तिचा उगम शिंपल्यात आहे. मोत्यासारखी चमक असलेल्या शिंपल्याच्या अस्तरात वजनाने सुमारे ९५ टक्के ॲरॅगोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेट असते, त्याच्या सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या फरश्यांमध्ये प्रथिने आणि शर्करासाखळ्यांचा अगदी पातळ पडदा असतो, आणि तरीही निव्वळ खनिजाच्या मानाने हे अस्तर तुटायला कित्येक पटींनी चिवट असते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे शिंपले बसवलेले दिसतात, ते प्लाकुना प्लासेंटा या जातीचे असून त्यांत ९९ टक्के कॅल्साइट आणि जेमतेम १ टक्का सेंद्रिय पदार्थ असतो; तरीही दृश्य प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग त्यातून आरपार जातो. पात्यांसारख्या कॅल्साइटच्या थरांमधील त्या नगण्य वाटणाऱ्या सेंद्रिय भागामुळे टोचल्यावर भेग दूर पसरत नाही, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत या शिंपल्यावर झालेल्या २०१४ च्या अभ्यासातून समजले. कोटोव्ह यांच्या गटाने २००३ मध्ये मातीच्या नॅनोपापुद्र्यांचे आणि पॉलिमरचे थर देऊन कृत्रिम मौक्तिक-अस्तर तयार केले आणि २००७ मध्ये त्याच मार्गाने सुमारे ४०० मेगापास्कल ताण सोसणारे पारदर्शक पटल मिळवले. हे यश मोठे आहे, परंतु त्याला निसर्गाची नक्कल म्हणताना एक भेद विसरता कामा नये: शिंपल्यात प्रथिनांची चौकट आधी येते आणि खनिज तिच्या आत वाढते, तर प्रयोगशाळेत दोन्ही बाहेरून आणून बसवली जातात. रचना जुळते, घडण जुळत नाही.

सपाट काचेची अट सुटल्यावर हीच कृती गोल कणांवरही करण्यात आली. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत १९९८ मध्ये थर दिलेल्या कणाचा गाभा विरघळवून किंवा जाळून पोकळ कुप्या मिळवण्यात आल्या आणि पुढे त्यांच्या भिंतींत प्रथिनेही बसवली गेली. द्रावण फवारून किंवा काच गरगर फिरवून थर देण्याच्या पद्धतींनी फेरीचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आणला.

औषधे वाहून नेणाऱ्या कुप्या आणि शरीरात बसवायच्या उपकरणांवरील पटले यांच्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. लिओ व्हरोमन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले होते की रक्ताशी संपर्क आलेल्या पृष्ठभागावर आधी बसलेली प्रथिने कायम राहत नाहीत. विपुल आणि चपळ प्रथिने प्रथम येतात, नंतर अधिक घट्ट धरणारी येऊन त्यांना हुसकावतात. डब्लिन आणि लुंड येथील संशोधकांनी २००७ मध्ये नॅनोकणांभोवती जमणाऱ्या अशा प्रथिनवलयाला 'कोरोना' हे नाव दिले, आणि त्यात घट्ट बसलेला आतला भाग व सतत बदलत राहणारा बाहेरचा भाग असे दोन भाग पाडले. प्रयोगशाळेत शेवटचा थर पॉलिमरचा होता की प्रथिनाचा, हे पेशीला कळतच नाही, कारण पेशी त्या पटलाला भिडेपर्यंत त्यावर रक्तातील अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन आणि इतर अनेक प्रथिनांचा एक अधिकचा थर चढलेला असतो, जो कोणी दिलेला नसतो आणि दर तासाला बदलत असतो.